पावलावरची फुली

डॉ. दिगंबर लांजेवार यांनी गेल्या वर्षी होळीनंतरच्या आठवड्यात ग्राहक तक्रार आयोगाला एक पत्र दिले. पत्रात तीन वाक्ये होती. आपण यापुढे तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहणार नाही, असे पहिल्यात होते. विरुद्ध पक्षाचे वकील ॲड. दाणी यांच्या उजव्या पावलावर नाडी लागत नाही, हे आयोगासमोर केलेले विधान आपण मागे घेत आहोत, असे दुसऱ्यात होते. तिसऱ्यात कारण होते: माझ्या बोटांवर माझा भरवसा राहिलेला नाही. पत्राची आवक नोंद झाली, शिक्का बसला, आणि ते प्रकरणाच्या फाइलला लागले.

लांजेवार रक्तवाहिन्यांचे सर्जन. हृदयाचे नव्हे, हृदयातून हातापायांकडे जाणाऱ्या नळ्यांचे. ही दुरुस्ती ते स्वतःच करत, कारण नागपुरात ओळखीचे बहुतेक लोक त्यांना हृदयाचे डॉक्टर समजत. "हृदयाला खूप लोक आहेत," ते म्हणत. "पायाला कोणी नाही." काही वर्षांपूर्वी त्यांनी ऑपरेशन करणे थांबवले. कारण विचारले तर वय सांगत. त्यानंतर त्यांनी दुसरे काम धरले. उपचार सुरू असताना ज्याचा हात किंवा पाय गेला, त्याची कागदपत्रे वाचायची, चूक झाली की नाही ते लेखी सांगायचे, आणि बोलावणे आले तर आयोगासमोर उभे राहून उलटतपासणीला उत्तरे द्यायची. डॉक्टरविरुद्ध बोलायला डॉक्टर सहसा मिळत नाही. या विषयात बोलायला तयार असलेला, माझ्या माहितीतला, शहरात हा एकच माणूस होता. मी त्या काळात एका दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या करत होतो. त्यामुळे वारंवार भेट होत असे.

पहिल्या भेटीत त्यांनी माझे नाव विचारण्याआधी माझे पाय पाहिले. "डावा बूट बाहेरून झिजला आहे. सिगारेट किती?" मी आकडा सांगितला. त्यांनी तो कमी सांगितला आहे असे गृहीत धरले, आणि ते बरोबर होते. लग्नात, तेराव्याला, बँकेच्या रांगेत, कुठेही त्यांची नजर आधी खाली जाई. माणसांची नावे ते विसरत. पाय विसरत नसत.

काम घरी, प्रतापनगरात, जेवणाच्या टेबलावर चाले. फाइल आली की ते डॉक्टरांचे कागद बाजूला काढून पालथे ठेवत आणि आधी सिस्टरचा तक्ता वाचत: ताप, नाडी, लघवी, वेळ, सही. "डॉक्टर सवडीने लिहितो," ते म्हणत. "सिस्टर तेव्हाच लिहिते." तक्ता संपला की एका कोऱ्या कागदावर चोवीस घरे आखून कोणत्या तासाला काय झाले ते भरत. जे घर रिकामे राही त्यावर पेन्सिल टेकवून ते बराच वेळ बसत. तक्रारदाराला साक्ष संपेपर्यंत भेटायचे नाही, बोलायचे नाही, त्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा नियम होता. तो एकदाही मोडलेला मी पाहिला नाही.

लिहिलेले मत टाइप करण्याचे काम त्यांच्या पत्नी कुसुमताई करत. त्या मराठीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या.

"एका पानात चार वेळा 'बहुधा' आलंय," त्या म्हणाल्या. मी समोर बसलो होतो.

"चार ठिकाणी खात्री नव्हती."

"वाचणाऱ्याला वाटेल, यांना काहीच माहीत नाही."

"मग त्या चार ठिकाणी त्याला बरोबर वाटेल."

कुसुमताईंनी चारही 'बहुधा' टाइप केले.

हाच काटेकोरपणा माझ्याही वाट्याला आला. एका प्रकरणात त्यांची साक्ष झाली त्या दिवशी माझ्या बातमीला मथळा गेला: 'डॉक्टरांचा निष्काळजीपणा सिद्ध'. सकाळी साडेसातला फोन आला. "सिद्ध कोणी केला?" मी म्हटले, तुमच्या साक्षीत तसे आले. "माझ्या साक्षीत मी म्हटलं की पट्टी घट्ट होती. निष्काळजीपणा हा शब्द तुमचा. सिद्ध हाही तुमचा. दोन्ही परत घ्या." मथळा मी दिला नव्हता, उपसंपादकाने दिला होता. हे सांगून उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलासा छापला. त्यांनी पुन्हा फोन करून खुलाशातली एक चूक सांगितली.

आलेल्या फाइलींपैकी बहुतेक ते 'दोष दिसत नाही' असे लिहून परत पाठवत. कुही तालुक्यातल्या एका तरुणाची अशीच परत गेली. त्याच्या वडिलांचा पाय मधुमेहाने सडला होता आणि डॉक्टरने कापला नसता तर माणूस गेला असता, असे लांजेवारांचे मत पडले. तो तरुण फाइल घेऊन फाटकात उभा राहिला. "तुमी बी त्यायचेच निंगाले," तो म्हणाला. "आमाले वाटलं, हे तरी आमच्या बाजूनं हायेत." लांजेवार म्हणाले, "मी बाजूचा नाही. मी फक्त कागद वाचतो." "मंग कागदालेच पाय लावा," असे म्हणून तो गेला. फाटक उघडेच राहिले. ते लावायला लांजेवार स्वतः गेले.

त्याच आठवड्यात एका लग्नाच्या हॉलमध्ये त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने, हातात ताट घेऊन, चारचौघांत विचारले, "काय लांजेवार, या आठवड्यात कोणाचा नंबर?"

"कोणाचाच नाही. सगळ्या फाइली परत केल्या."

"अरे, मग आमच्याबरोबर बसायला काय हरकत आहे?"

तरीही त्यांच्या टेबलावर कोणी आले नाही. ताट संपवून ते आणि कुसुमताई परतले. हा प्रसंग मला कुसुमताईंनी सांगितला. ते त्याबद्दल बोलले नाहीत.

प्रकाश सोरते यांची फाइल त्यांनी परत पाठवली नाही.

सोरते कामठीत यंत्रमागावर कामाला होते. कामावरून घरी जाताना त्यांची मोटारसायकल घसरली आणि डावा गुडघा निखळला. गुडघ्याच्या मागून पायाची मोठी रक्तवाहिनी जाते. गुडघा निखळला की ती ताणली जाते, कधी फाटते. एका खाजगी रुग्णालयात गुडघा बसवून प्लास्टर केले. त्या रुग्णालयाचे नाव इथे देत नाही, प्रकरण चालू आहे. दुपारी चार वाजता सिस्टरने तक्त्यात लिहिले: 'डाव्या पावलावर नाडी लागत नाही. डॉक्टरांना कळवले.' त्यानंतर डॉक्टरची एकच नोंद आहे: 'पाय ठीक.' तिच्यावर वेळ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल थंड आणि निळे होते. संध्याकाळी पाय मांडीतून कापावा लागला.

लांजेवारांनी दीड पान लिहिले. चार वाजता नाडी लागत नव्हती, तर त्याच तासाला रुग्णाला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवायला हवे होते. ते झाले नाही. त्या दीड पानात 'बहुधा' एकदाही नव्हते.

मागावर दिवसभर उभे राहावे लागते. सोरते आता घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत आणि त्यांची पत्नी मंदा कारखान्यात जाऊ लागली होती. तक्रार त्यांच्या वतीने ॲड. शुभांगी मेश्राम चालवत होत्या. "नुकसानभरपाईचं तो नंतर विचारतो," त्या मला म्हणाल्या. "प्रत्येक वेळी आधी एकच विचारतो. माझा पाय वाचला असता का? डॉक्टरसाहेबांना विचारा म्हणतो. आणि डॉक्टरसाहेब त्याच्याशी बोलत नाहीत."

ते बोलत नसत, पण बसत एकाच बाकावर. आयोगाच्या दालनाबाहेर एकच बाक होते. एका टोकाला लांजेवार, मांडीवर पिशवी. दुसऱ्या टोकाला सोरते, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मध्ये मंदाबाई. दोन वर्षांहून जास्त काळ प्रत्येक तारखेला हे असेच होते. तारखा पडत. एकदा विरुद्ध वकील आजारी होते. एकदा एका सदस्याची जागा रिकामी होती, त्यामुळे काम चालू शकले नाही. एकदा फाइल दुसऱ्या फाइलीत गेली होती. एका मे महिन्यात दालनातला कूलर बंद पडला म्हणून दुपारनंतरचे सगळे पुढे गेले. लांजेवार प्रत्येक वेळी साडेदहाला हजर असत आणि तारीख मिळाली की ती एका छोट्या वहीत लिहून घेत.

या थांबण्याच्या काळात त्यांना एक रुग्ण मिळाला. आयोगाचे शिपाई रामटेके जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात, हे त्यांच्या लक्षात आले.

"रामटेके, पोटरी दुखते का?"

"दुखते ना साहेब. वय झालं. पण तुमी काहून विचारून राहिले?"

"चपला काढा."

रामटेकेंच्या डाव्या पायाची नळी तुंबलेली निघाली. ती वेळेत मोकळी झाली आणि पाऊल वाचले. त्यानंतर प्रत्येक तारखेला लांजेवार आल्या आल्या रामटेकेंच्या पावलावर दोन बोटे ठेवत, "लागते," म्हणत, आणि पिशवीतून एक जांभळी पेन्सिल काढून त्या जागी फुली मारत. कातडीवर खूण करण्यासाठी ही पेन्सिल असते. जिथे नाडी लागली तिथे फुली, ही त्यांची आयुष्यभराची सवय होती. पुढच्या पाळीच्या सिस्टरला जागा शोधत बसावे लागू नये, तिने सरळ फुलीवर बोट ठेवावे, म्हणून. पिशवीत नाडीचा आवाज ऐकवणारे एक हातातले यंत्रही असे. ते क्वचित बाहेर निघे. "आधी बोट, मग यंत्र," ते म्हणत. रामटेके ऑफिसात सांगत, "माहा पाय रजिस्टरवर हाये. साहेब येऊन सही करते."

साक्ष अखेर एका जुलैत झाली. पाऊस नव्हता, उकाडा होता. कूलर चालू असला की टंकलेखिकेला ऐकू येत नव्हते आणि बंद केला की वकिलांना बसवत नव्हते. तो दर दहा मिनिटांनी चालू-बंद होत राहिला. ॲड. दाणी रुग्णालयाच्या वतीने उभे होते. ते चांगली उलटतपासणी घेतात. दीड पानातल्या एकाही वाक्याला तासभर धक्का लागला नाही.

मग अध्यक्षांनी विचारले, "ही पावलावरची नाडी नेमकी कुठे असते?"

"कोणाला तरी बूट काढावा लागेल," लांजेवार म्हणाले.

कोणी हलले नाही. मग दाणीच हसत म्हणाले, "मी काढतो. पण माझ्या पायाची तक्रार नका दाखल करू, मॅडम." मेश्रामही हसल्या. दाणींनी उजवा बूट आणि मोजा काढून पाय खुर्चीवर ठेवला. लांजेवार फरशीवर गुडघे टेकून बसले. त्यांनी पावलावर दोन बोटे ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. कूलर बंद होता.

"नाही लागत," ते म्हणाले.

"म्हणजे मी गेलो का डॉक्टर?"

"नाही. काही लोकांच्या पावलावर ही नाडी जन्मापासूनच लागत नाही. पाय उत्तम असतो."

मेश्राम यांचे हसणे थांबले. दाणी एका पायात बूट आणि एक पाय उघडा असे उभे राहिले आणि अध्यक्षांना म्हणाले, "हे नोंदवून घ्यावं." नोंदवले गेले. पुढचा भाग मी माझ्या टिपणांतून देतो.

"म्हणजे श्री. सोरते यांच्या डाव्या पावलावरही ती जन्मापासून नसू शकते?"

"असू शकतं."

"अपघाताआधी तुम्ही तो पाय पाहिला होता?"

"नाही."

"मग फक्त सिस्टरच्या त्या एका नोंदीवरून, रक्त बंद झालं होतं असं खात्रीने सांगता येईल?"

"त्या एका नोंदीवरून खात्रीने नाही. म्हणूनच घोट्यामागची नाडी बघायची असते. ती बघितल्याची नोंद कुठेही नाही."

"नंतरचं मी विचारलं नव्हतं, डॉक्टर."

बाहेर आल्यावर मेश्राम यांचा आवाज चढला. "सर, तुम्ही आमचे साक्षीदार आहात! त्यांच्याकडे आतापर्यंत उत्तर नव्हतं. ते तुम्ही दिलंत. 'सांगता येत नाही' एवढं म्हणता आलं असतं."

"सांगता येत होतं," लांजेवार म्हणाले.

सोरते बाकावर बसून हे ऐकत होते. त्यांनी मंदाबाईंकडे पाहिले. कोणीच त्यांना काही सांगितले नाही.

एक मार्ग लांजेवारांनीच सुचवला. सोरते यांचा उजवा पाय शाबूत आहे. बहुतेक माणसांत दोन्ही पावले या बाबतीत सारखी असतात. नेहमी नाही, पण बहुतेक. उजवीकडे नाडी लागली तर डावीकडेही असण्याची शक्यता मोठी, आणि मग दाणींचे म्हणणे लंगडे पडते. तेवढी तपासणी आयोगासमोर होऊ द्यावी. यासाठी अर्ज करावा लागला. अर्जाला उत्तर दाखल करायला दाणींनी मुदत मागितली. उत्तरावर युक्तिवादाला तारीख पडली. आदेशाला वेगळी तारीख पडली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला जो पाय होता, त्याला हात लावण्याची परवानगी मिळायला सात महिने गेले. मधल्या प्रत्येक तारखेला लांजेवार, मंदाबाई आणि तो पाय एका रांगेत बसलेले होते. मिळालेल्या आदेशात शब्द होते: 'साक्षीदाराने हाताने तपासणी करावी.'

ती तारीख होळीनंतर तीन दिवसांनी आली. लांजेवारांनी पिशवीतून यंत्र काढले. दाणींनी हरकत घेतली. आदेशात हाताने म्हटले आहे, आणि या यंत्राच्या अचूकतेचे प्रमाणपत्र दाखल नाही. हरकत मान्य झाली. यंत्र पिशवीत गेले. लांजेवार सोरते यांच्यासमोर फरशीवर बसले आणि त्यांनी पावलावर बोटे ठेवली.

मी घड्याळ पाहिले नाही, पण टंकलेखिकेने हात मांडीवर ठेवण्याइतका वेळ गेला. त्यांनी हात बदलला. बोटे घोट्यामागे नेली. पुन्हा वर आणली. मेश्राम पुढे वाकून उभ्या होत्या. सोरते यांनी पायाची बोटेही हलवली नाहीत.

मग लांजेवार वळले आणि म्हणाले, "रामटेके, जरा इकडे या. डावी चप्पल काढा."

रामटेकेंनी अध्यक्षांकडे पाहिले आणि चप्पल काढली. पावलावर त्याच सकाळी मारलेली जांभळी फुली होती. लांजेवारांनी त्याच्यावर बोट ठेवले.

"पाय दुखतो का?"

"नाई साहेब. काल दीक्षाभूमीपर्यंत पायी जाऊन आलो."

"सकाळी मी काय म्हटलं होतं?"

"लागते म्हनले ना. दरवेळी म्हनता."

लांजेवार खुर्चीचा हात धरून उठले. ते अध्यक्षांना म्हणाले, "माझ्या बोटांना कळत नाही. या शिपाईबुवांचा पाय चांगला आहे आणि मला नाडी लागत नाही. सकाळी मी लागते म्हणालो, ते सवयीने म्हणालो. कधीपासून लागत नव्हती, ते मला सांगता येणार नाही. ॲडव्होकेट दाणींच्या पायाबद्दल मी जे बोललो, तेही मग धरता येत नाही. माझी आजची तपासणी धरू नका. दुसरा डॉक्टर बघू द्या."

दाणी म्हणाले, हे सगळे नोंदवून घ्यावे. आयोगाने त्या दिवशीचे काम तिथे थांबवले.

व्हरांड्यात सोरते पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले. "साहेब, आता तरी बोलान का माह्याशी?"

"आता बोलतो. मी आता साक्षीदार नाही." लांजेवारांनी पिशवीतून यंत्र काढले. मोबाइलएवढी पेटी, तिला वायरने जोडलेली पेनासारखी कांडी. कांडीच्या टोकाला जेली लावून त्यांनी ती सोरते यांच्या उजव्या पावलावर तिरकी धरली. आधी नुसती खरखर आली. मग त्यातून एक आवाज फुटला, ठरावीक अंतराने, जोरात. व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू गेला. रामटेके दारातून बाहेर आले.

"माग चालून राहिला जी पायात," सोरते म्हणाले.

मेश्राम आत पळाल्या. अध्यक्ष उठून गेले होते.

कांडी बाजूला झाली आणि आवाज थांबला. सोरते म्हणाले, "एकच सांगा साहेब. माहा पाय वाचला असता का नाई?"

"चारला पाठवलं असतं, तर वाचण्याची शक्यता जास्त होती."

"मंजे हौ का नाई?"

"एवढंच मला माहीत आहे."

"दोन वर्सं तुमच्या बाजूले बसून राहिलो," सोरते म्हणाले. "अन् हेच?"

"हेच."

लांजेवारांनी पिशवीतून जांभळी पेन्सिल काढली. कांडी जिथे होती तिथली जेली रुमालाने पुसली आणि फुली मारली. रेघा वाकड्या आल्या. मग पेन्सिल त्यांनी मंदाबाईंच्या हातात दिली. "नवा डॉक्टर बघायला येईल, त्याला जागा शोधायला लागू नये. आंघोळीनंतर पुसट होईल. त्याच जागेवर पुन्हा काढायची."

"किती दिवस जी?"

"तो येईपर्यंत."

तीन वाक्यांचे पत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी दिले. पत्रावर दाणींनी लेखी उत्तर दाखल केले: साक्ष शपथेवर नोंदली गेली आहे आणि साक्षीदाराला ती पत्राने मागे घेता येत नाही. दाणींच्या पावलाची दुसऱ्या कोणी तपासणी केल्याची नोंद नाही.

कारण मानेत निघाले. क्ष-किरण अडवणारा, शिसे भरलेला एप्रन घालून वर्षानुवर्षे ऑपरेशनच्या टेबलावर वाकून उभे राहिल्याने मणके झिजले होते आणि हातांकडे जाणाऱ्या नसा दबल्या होत्या. "शर्टाची बटणं वर्षभर मीच लावतेय," कुसुमताई म्हणाल्या. "यांना म्हटलं तर म्हणायचे, हल्ली बटणं बारीक करतात." अंगठा बधिर झाल्याचे आपल्याला आधीच कळले होते, असे लांजेवारांनी मला सांगितले. ऑपरेशन त्यासाठीच थांबवले. नाडी बघायची ती दोन बोटे शाबूत आहेत, असे त्यांनी धरून चालले होते. "तपासलं नाही," ते म्हणाले. "रोज वापरत होतो, म्हणून तपासलं नाही."

मानेचे ऑपरेशन पावसाळ्यात झाले. दुखणे कमी झाले, संवेदना परत आली नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी सिस्टरचा तक्ता मागवला आणि कुसुमताईंना धरायला लावून सगळा वाचला. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "सर्जनचा दोष नाही. लिहायचं असेल तर तसं लिहा." कुसुमताई शेजारी बसून संत्रे सोलून एकेक फोड त्यांच्या तळहातावर ठेवत होत्या. फोड संपली की नाही हे ते हाताकडे पाहून ठरवत. मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि खाली पाहिले. "बूट नवे घेतले," ते म्हणाले. "सिगारेट?" मी आकडा सांगितला. त्यांना त्यानंतर मी भेटलेलो नाही.

सोरते यांचा उजवा पाय तपासून आयोगासमोर उभा राहील असा दुसरा सर्जन ॲड. मेश्राम शोधत आहेत. त्यांनी आतापर्यंत चार जणांना विचारले, त्यांतले दोघे बाहेरगावचे. दोघांनी नकार दिला, एकाने उत्तर दिले नाही, एकाने कागद मागवून घेतले आहेत. या वर्षी संक्रांतीनंतर तारीख होती. त्या दिवशी फाइल पुकारली गेली आणि पुढची तारीख पडली. बाकाच्या एका टोकाला कोणी नव्हते. दुसऱ्या टोकाला सोरते बसले होते आणि त्यांच्या उजव्या पावलावर फुली होती. ती निळ्या बॉलपेनने काढलेली होती. मंदाबाई म्हणाल्या, पेन्सिल दिवाळीतच संपली.